चौथा चिमटा

दिव्याने दिवा लागतो आणि पहिल्याचे तेज तसूभरही उणे होत नाही, असे आपण दर दिवाळीला एकमेकांना सांगतो. ऐकायला गोड आहे. पण सगळेच देणेघेणे पणतीला पणती टेकवण्याइतके सोपे नसते, हे मला मोटारीच्या बॅटरीने शिकवले.

१९१२ साली कॅडिलॅक मोटारीत चार्ल्स केटरिंगचा विजेचा स्टार्टर बसला आणि हँडल मारण्यातून माणसाची सुटका होऊ लागली. ते हँडल उलटे फिरले की मनगटच मोडायचे! आता नुसता सेल्फ मारायचा. मात्र बॅटरी उतरली, की भारीतली भारी गाडीही 'टक्' करून गप्प बसते.

आमच्या इमारतीतले दोन शेजारी गाडी लावण्याच्या हातभर जागेवरून तीन वर्षे बोलत नव्हते. एके पहाटे त्यांतल्या वकिलांची गाडी अशीच बसली. आत त्यांचे वडील. डायलिसिसची वेळ ७ ची. वरच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर सदरा चढवीतच खाली आले. त्यांनी आपली गाडी समोर आणली, पण गाडीला गाडी लागू दिली नाही. दोन्ही बॅटऱ्या १२ व्होल्टच्या आहेत, कुठली फुटलेली नाही, हे पाहिले. इंजिने आणि दिवे बंद, गाड्या न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेले. मग तांबड्या वायरचा एक चिमटा उतरलेल्या बॅटरीच्या धन टोकाला, दुसरा आपल्या बॅटरीच्या धन टोकाला. काळ्या वायरचा एक चिमटा आपल्याच ऋण टोकाला. चौथा चिमटा मात्र त्यांनी वकिलांच्या बॅटरीला लावलाच नाही. दूर, इंजिनाच्या बिनरंगाच्या धातूला लावला.

"तिथं का हो, काका?" मी विचारले.

"शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते, गुरुजी. बॅटरीजवळ हायड्रोजन साचलेला असला तर भडका उडायचा, अन् आम्ल तोंडावर."

त्यांनी आपले इंजिन सुरू केले, पाच मिनिटे थांबले आणि वकिलांना मानेने खूण केली. गाडी सुरू झाली! चिमटे काढताना क्रम उलटा: आधी चौथा, शेवटी पहिला. वकील काही बोलू पाहत होते. पोस्टमास्तर एवढेच म्हणाले, "आधी वडिलांना पोचवा. वाटेत इंजिन बंद करू नका."

तो चौथा चिमटा मला विसरवत नाही. मदत करणाऱ्याचे मन पुष्कळदा निर्मळ असते. पण त्याचा शब्द नेमका दुखऱ्या जागी टेकतो. 'मागचं सगळं विसरलो हं मी!' एवढे म्हटले तरी पुरते, ठिणगी उडते. पोस्टमास्तरांनी त्या हातभर जागेचे नावही काढले नाही.

तेव्हा या दिवाळीत एखाद्या रुसलेल्या घरी फराळाचे ताट नेणार असाल, तर खुशाल न्या. बोलणे मात्र चकलीपासून सुरू करा.