न ऐकताच

११ ऑक्टोबर २००६ रोजी ईएमआय कंपनीच्या भारतीय शाखेनं जाहीर केलं, की ‘ख्राइस्ट इल्युजन’ या अल्बमचा देशातला सगळा साठा नष्ट केला आहे आणि तो पुन्हा इथं काढायचा विचार नाही. अल्बम स्लेअर या अमेरिकी मेटल बँडचा. मुंबईच्या कॅथलिक सेक्युलर फोरमनं त्याच्या मुखपृष्ठावर आणि गाण्यांवर तीव्र आक्षेप घेऊन पोलीस आयुक्तांना निवेदन दिलं होतं. कोर्टानं दोन्ही बाजू ऐकून निकाल दिला, असं काही घडलं नाही. कंपनीनंच माल मागं घेतला आणि विषय मिटवला.

तेव्हा मी मुंबईत शिकत होतो. भूमसारख्या तालुक्याच्या गावातून आलेल्या पोराला हे संगीत हॉस्टेलनं दिलं. हा अल्बम घ्यायचा म्हणून पैसे साठवून फोर्टातल्या एका दुकानात गेलो, तर काउंटरवरच्या माणसानं नुसती मान हलवली. अल्बम त्यानंही ऐकलेला नव्हता.

मुखपृष्ठ लॅरी कॅरल या चित्रकाराचं. हात तुटलेला, एक डोळा गेलेला ख्रिस्त रक्ताच्या पाण्यात उभा आहे आणि भोवती तुटलेली मुंडकी आहेत. याच कॅरलनं १९८६ साली स्लेअरच्या ‘रेन इन ब्लड’चं मुखपृष्ठ केलं होतं. त्या अल्बमच्या वेळीही कोलंबिया कंपनीनं वितरणाला नकार दिला होता, कारण त्यातलं एक गाणं आउश्विट्झच्या छळछावणीतला डॉक्टर मेंगेले याच्यावर होतं. मग गेफेननं तो बाजारात आणला. जेमतेम एकोणतीस मिनिटांचा तो अल्बम पुढं या प्रकारच्या संगीताचा मानदंड ठरला.

‘ख्राइस्ट इल्युजन’ची आम्ही वाट पाहत होतो ती डेव्ह लोम्बार्डोसाठी. स्लेअरचा हा मूळ ड्रमवादक १९९० च्या ‘सीझन्स इन द अबिस’नंतर पहिल्यांदाच बँडच्या नव्या अल्बमवर वाजवणार होता. दोन्ही पायांनी दोन बास ड्रम बडवत हा माणूस जी लय धरतो, ती छातीत बसते. टॉम अराया, केरी किंग, जेफ हॅनेमन आणि लोम्बार्डो, असे जुने चौघे पुन्हा एकत्र आले होते. अल्बम ६ जून २००६ ला, म्हणजे सहा-सहा-सहाचा मुहूर्त साधून आणायचं आधी ठरलं होतं, पण प्रत्यक्षात तो ऑगस्टात आला. आल्या आल्या बिलबोर्डच्या यादीत पाचव्या क्रमांकावर पोचला. विरोध अमेरिकेतही झाला. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन शहरात बसथांब्यांच्या बाकांवरच्या त्याच्या जाहिराती काढाव्या लागल्या. ज्या दुकानांना मूळ चित्र नको होतं, त्यांच्यासाठी वेगळं मुखपृष्ठ निघालं. पण अल्बम विक्रीत राहिला.

माझ्याकडे तो आला काळ्या मार्करनं नाव लिहिलेल्या एका कोऱ्या सीडीवरून. दुकानातून गेलेला अल्बम हॉस्टेलच्या खोल्याखोल्यांतून फिरत होता. माझ्या खोलीतला मित्र वसईचा, घरात सामवेदी बोलणारा, दर रविवारी न चुकता मिस्सेला जाणारा. मुखपृष्ठ त्यानं कॉम्प्युटरवर पाहिलं आणि तो बराच वेळ बोललाच नाही. मग म्हणाला, “हे माझ्या आईला दाखवशील तू?” नाही दाखवणार, मी म्हणालो. आजही नाही दाखवणार. आमच्याकडे मरीआईचा पोतराज स्वतःच्या उघड्या अंगावर आसूड ओढतो, नवरात्रात आराधी पेटती पोत घेऊन संबळाच्या ठेक्यावर नाचतात. रक्त आणि आग भक्तीच्या अंगणात पाहतच मी वाढलो, म्हणून ते चित्र मला भिववत नव्हतं. पण ज्या मूर्तीपुढं त्याची आई गुडघे टेकत होती, तिच्याशी माझं काय नातं? माझी नजर वेगळ्या गावची होती. त्याचं दुखणं खरं होतं, ते मला त्या दिवशी कळलं.

तरी दोन दिवसांनी त्यानंच हेडफोन मागून घेतले. अख्खा अल्बम ऐकला. चित्राबद्दलचं मत त्यानं बदललं नाही आणि दोन गाणी त्याला ओंगळ वाटली. ‘जिहाद’ हे अकरा सप्टेंबरच्या हल्लेखोराच्या तोंडी घातलेलं गाणं मात्र त्यानं पुन्हा लावलं. “हा माणूस कसा विचार करतो ते दाखवलंय, त्याची आरती नाही केली,” एवढंच म्हणाला. नंतर आम्हाला कळलं, की गायक अराया स्वतः कॅथलिक आहे. त्यावर आमचा वाद रात्रभर चालला. इतका चांगला वाद मी पुन्हा कुणाशी घातलेला नाही.

शिक्षण संपवून मी भूमला परतलो तेव्हा सीडीतली गाणी मोबाइलच्या कार्डात आली होती. घरची खव्याची भट्टी आहे. पहाटे दूध आटत असताना, भारनियमनाच्या अंधारात, जाळाच्या उजेडात मी ती ऐकायचो. फौजेतून निवृत्त झालेले एक चुलत मामा तिथं शेकायला येत. एकदा म्हणाले, “ह्यो आरडाओरडा कशाचा हाय, सांग की.” चालू होतं ते ‘आइज ऑफ द इन्सेन’. लढाईहून परतलेल्या सैनिकांच्या मनाची काय दशा होते, यावरचा मासिकातला लेख वाचून अरायानं ते लिहिलं होतं. मी जमेल तसा अर्थ सांगितला. मामा जाळाकडं बघत राहिले. म्हणाले, “खरं हाय. माणूस घरी येतंय, कान तिथंच ऱ्हात्यात.” त्यांना फौजेबद्दल बोलताना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. या गाण्याला २००७ साली ग्रॅमी मिळालं, पण माझ्या लेखी त्याची खरी पावती ती.

हे गाणंही त्या नष्ट केलेल्या सीडींमध्येच होतं.

२००६ च्याच मे महिन्यात ‘द दा विंची कोड’ चित्रपटावरून मुंबईत उपोषणापर्यंत गोष्ट गेली होती. पण तिथं केंद्रीय मंत्र्यांनी चर्चच्या प्रतिनिधींसोबत बसून चित्रपट पाहिला, मग तो प्रदर्शित झाला. ‘सखाराम बाइंडर’साठी कमलाकर सारंग कोर्टात लढले, म्हणून ते नाटक आपल्याला पाहता आलं. ‘ख्राइस्ट इल्युजन’च्या बाजूनं इथं लढायला कुणी नव्हतं. निवेदन देणं हा फोरमचा हक्क होता आणि तो त्यांनी बजावला, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. आपण विकायला काढलेल्या कलाकृतीसाठी कंपनीनं दोन शब्दही उच्चारू नयेत, हे मला आजही सहन होत नाही.

जानेवारी २०२० मध्ये हा सगळा विषय आमच्या जिल्ह्यात वेगळ्या रूपात आला. उस्मानाबादला, म्हणजे आजच्या धाराशिवला, त्र्याण्णवावं मराठी साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो, माझ्या मित्राच्या वसईचे, ‘सुबोध बायबल’ लिहिणारे, ‘सुवार्ता’चे संपादक राहिलेले. ख्रिस्ती धर्मगुरू अध्यक्ष कसा, म्हणून विरोध झाला, धमकीचे फोन आल्याच्या बातम्या आल्या. उद्घाटक ना. धों. महानोरांनी येऊ नये, असाही आग्रह झाला. महानोर आले. पाठीच्या दुखण्यानं बेजार दिब्रिटो व्हीलचेअरवर आले आणि बोलले. मी मंडपात होतो. संमेलनवाल्यांनी तेव्हा कच खाल्ली असती, तर दिब्रिटोंचे शब्दही आमच्या जिल्ह्यात न ऐकताच राहिले असते. रात्री मित्राला फोन करून सांगितलं, तुमच्या फादरांना आमच्या लोकांनी शांतपणे ऐकलं. तो म्हणाला, “ऐकलं ना, मग आता भांडा खुशाल.”

स्लेअर २०१२ साली बंगळुरूला येऊन वाजवून गेले. पुढच्या मे महिन्यात हॅनेमन वारला. दिब्रिटो २०२४ च्या जुलैत गेले. अल्बम आता कुणालाही मोबाइलवर ऐकता येतो. ज्यांना त्याचा राग येईल त्यांनी तो जरूर व्यक्त करावा, निवेदनं द्यावीत, लेख लिहावेत, मोर्चे काढावेत. मुखपृष्ठ बघवत नसेल तर बघू नका. पण ‘आइज ऑफ द इन्सेन’ जेमतेम साडेतीन मिनिटांचं आहे. तेवढं ऐका आणि मग काय ते ठरवा.