उघाडीवरचा जिताडा

आमचें कुरवंडें गांव सह्याद्रीच्या अगदीं कांठावर वसलेलें आहे. येथून समुद्र दिसत नाहीं. तरी आरमाराच्या अभियंत्यांना शिक्षण देणारी 'शिवाजी' ही संस्था १९४५ सालापासून आमच्या शेजारींच आहे, ही एक मौजच म्हणावयाची. गांवाजवळ इंद्रायणीचा उगम आहे. तिचें पाणी देहू-आळंदीवरून भीमेंत, भीमेंतून कृष्णेंत व शेवटीं पूर्व समुद्रास जातें. परंतु ज्या घाटानें १६६१ सालीं कारतलबखानाची फौज खालीं उतरली व उंबरखिंडींत शिवरायांच्या कचाट्यांत सांपडली, त्या घाटाच्या अंगास पडणारा पाऊस आंबा नदींत उतरतो आणि पाली, नागोठणें ह्या गांवांवरून धरमतरच्या खाडींत जातो. एकाच डोंगराचें पाणी, पण दोन समुद्रांचें! त्या खाडीच्या कांठीं, पेण तालुक्यांत, आमचें आजोळ आहे; आणि जी गोष्ट आज सांगावयाची ती तेथलीच.

कांहीं वर्षांपूर्वीं दिवाळीच्या सुटींत आम्ही आईबरोबर आजोळीं गेलों होतों. त्या वर्षीं आजी दोन महिने तापानें अंथरुणास खिळून नुकतीच उठून बसूं लागली होती. तिच्या तोंडास चव नव्हती. एके सकाळीं ती सहज म्हणाली, "जिताड्याच्या कालवणाचा एक घोंट मिळता तर चार घास गेले असते." हें ऐकतांच आम्ही छाती पुढें काढून म्हणालों, "आजी, भाऊबीजेच्या रात्रीं तुझ्या ताटांत जिताडा असेल!" मामा नुसते हंसले.

घाटावरील वाचकांस जिताड्याची ओळख करून दिली पाहिजे. हा खाडीचा राजा. बंगाल्यांत ह्यालाच भेटकी म्हणतात व ऑस्ट्रेलियांत बारामंडी. यूरोपच्या किनाऱ्यावर 'बास' नांवाचा मासा असतो, त्याचें कूळ निराळें. परंतु तोही किनाऱ्यावर उभें राहून खोट्या माशाच्या आमिषानें धरतात. जिताडा पावसाळ्यांत नदीमुखाशीं अंडीं घालतो. पिलें भरतीबरोबर खाड्यांत, खाजणांत व गोड्या पाण्यांतही शिरतात. पेण-अलिबागकडील लोक तीं पिलें धरून गांवच्या तळ्यांत सोडतात व वाढवितात. ह्या जातीची एक नवलाची गोष्ट अशी कीं, ह्यांतील बहुतेक मासे प्रथम नर असतात व कांहीं वर्षांनीं मादी होतात. म्हणून फार मोठा जिताडा सांपडला तर ती बहुधा मादीच असते.

मामांजवळ मुंबईहून आणलेली एक काठी, रीळ व लाकडाचा एक रंगविलेला मासा होता. तो वीतभर लांब. पोटाखालीं तीन-तीन तोंडांचे दोन गळ, आणि हनुवटीशीं जिभेसारखी पातळ पट्टी. दोरी ओढली कीं ती पट्टी पाणी कापी व तो लाकडाचा तुकडा जिवंत माशाप्रमाणें बुडी मारून वळवळे. मामांनीं आम्हांस दोन दिवस बांधावर उभें करून तो फेंकावयास शिकविलें. "नुसता ओढूं नकोस," ते म्हणत, "दोन वेळां ओढ आणि थांब. जिताडा धांवत्या माशाकडे पाहतो, पण झडप घालतो ती थांबलेल्यावर."

जागा कोणती निवडावी हेंही एक शास्त्रच आहे. खाऱ्या पाण्यापासून भातशेतें राखण्याकरितां खाडीकांठीं बांध घातलेले असतात व त्यांत जागोजाग उघाड्या असतात. भरती आली म्हणजे उघाडीचें दार पाण्याच्या दाबानेंच मिटतें. ओहोटी लागली म्हणजे तें उघडून आंतलें पाणी बाहेर जातें. त्या पाण्याबरोबर कोळंबी व बारीक मासळी वाहत येते. आणि जिताडा दाराच्या खांबाआड, प्रवाहाचा मार चुकवून, आयत्या घासाची वाट पाहत उभा असतो. अमावास्या नुकतीच झाल्यामुळें उधाणाचें पाणी होतें. भाऊबीजेस दुपारीं भरती भरली, आणि दिवस कलतांना ओहोटीचा लोट उघाडींतून धों धों वाहूं लागला.

आमच्या चार-पांच फेंकी फुकट गेल्या. एकदां दोरी खांबावरील कालवांस घासून अडकली व मोठ्या कष्टानें सुटली. मामा म्हणाले, "शेवटची हातभर दोरी कापून टाक आणि नवी गांठ मार. कालवाची धार सुरीसारखी असते." आम्हीं दोरीवरून बोट फिरविलें. ती खरखरीत लागली खरी. पण तितक्यांत खांबाशीं पाणी फुटल्याचा मोठा आवाज झाला. एवढ्यांत गांठ मारीत कोण बसणार? "ठीक आहे, मामा," असें म्हणून आम्हीं मासा फेंकून दिला.

दोन वेळां ओढला, थांबलों. आणि काठी हातांतून हिसकल्यासारखी वांकली! क्षणभरांत रुपेरी अंगाचा, हाताएवढा लांब जिताडा सगळा पाण्याबाहेर आला. त्यानें हवेंत डोकें झाडलें. तोंडांतला आमचा लाकडी मासा खडखडला. मामा ओरडले, "दोरी ढिली सोडूं नको!" आम्हीं ती ताणली, आणि त्याच क्षणीं ती तुटली. टोक पाहिलें तें जेथें खरखरीत लागलें होतें तेथेंच.

आम्हांस रडूं कोसळलें. मामा रागावले नाहींत. काठी गुंडाळतां गुंडाळतां ते एवढेंच म्हणाले, "मासा गेला त्याचें कांहीं नाहीं, खाडींत आणखी आहेत. पण सहा गळ तोंडांत घेऊन तो गेला, त्याचें वाईट वाटतें. तुझा आळस तो भोगणार."

रात्रीं आईनें मामांस ओवाळलें. पानें मांडलीं. आजीस आम्ही तोंड दाखवूं शकेनों. तिनेंच जवळ बोलाविलें व सगळी हकीकत विचारली. मासा कसा उडाला, किती उंच, डोकें कसें झाडलें, तें तिनें दोन वेळां सांगावयास लाविलें. आणि ऐकतां ऐकतां लिंबाच्या लोणच्याशीं अर्धी वाटी भात संपविला. "पुढच्या खेपेस आण हो," ती म्हणाली. पुढच्या खेपेपर्यंत आजी राहिली नाहीं.

त्यानंतर आम्हीं जिताडे धरले आहेत. एखाद्याचें कालवणही उत्तम झालें. परंतु प्रत्येक वेळीं, पहिली फेंक करण्यापूर्वीं, शेवटची हातभर दोरी आम्ही बोटांत धरून पाहतों. किंचित् खरखरीत लागली तरी कापतों, मग समोर पाणी कितीही फुटो. बालमित्रहो, तुमच्याही हातांत अशी एखादी दोरी असेल. परीक्षेची असेल, कोणास दिलेल्या शब्दाची असेल. बोटास खरखर लागली कीं थांबा आणि गांठ मारा.

आषाढांत घाटाच्या तोंडाशीं उभें राहिलें म्हणजे धुक्यांतून ओढ्यांचा आवाज येतो. हें पाणी धरमतरास जाणार, हें आम्हांस ठाऊक असतें; आणि आजीची आठवण आल्याशिवाय राहत नाहीं.