पलटणीचा खोडवा

प्रो कबड्डी सुरू झाली २०१४ मध्ये. संघ होते आठ. पुणेरी पलटण आठवी आली. पुढच्या वर्षी पुन्हा आठवी. नाव पुण्याचं आणि जागा तळाची, त्यामुळे टोमणे मारणाऱ्यांची चांगली सोय झाली. आमच्याकडे, केजच्या आसपासच्या गावांत, तेव्हा झाडून सगळी पोरं यू मुंबाची. अनुप कुमार हसत हसत बोनस घ्यायचा आणि इकडे पोरं खळ्यात रेघ मारून तसंच हसायची. बोनस काही मिळायचा नाही, हसणं तेवढं जमायचं.

मी पलटणीचा झालो तो २०२२ मध्ये. त्याला कारण आमचंच मंडळ.

आमचं गाव मांजरसुंबा-अंबाजोगाई रस्त्यापासून थोडं आत. मंडळ जुनं, आणि पंधराएक वर्षं ते एकाच माणसाने चालवलं. त्यांना सगळे अध्यक्षच म्हणायचे. यात्रांच्या स्पर्धा जिंकायची त्यांची पद्धत सोपी होती : खेळाडू बाहेरून आणायचे. एक चढाईपटू जालन्याकडून, दोन कोपरे लातूरकडून. चढाईपटूचे ५,००० रुपये, पेट्रोल वेगळं, रात्रीचं मटण वेगळं. बक्षीस २१,०००, खर्च त्याहून जास्त, पण ट्रॉफीवर नाव आपलं. गावातली पोरं बाकावर बसून पाण्याच्या बाटल्या सांभाळायची. मग अध्यक्ष राजकारणात गेले आणि एका संध्याकाळी केजमधल्या माझ्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात येऊन त्यांनी काउंटरवर तीन वस्तू ठेवल्या : वही, शिट्टी आणि मंडपवाल्याची थकीत पावती. "आता तुमचं तुम्ही बघा," म्हणाले. व्यवस्थापन बदललं ते असं.

वहीत बावीस नावं होती. गावात राहणारी त्यातली नऊ. आणि त्या नवांतले सहा जण दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणारे. त्यात माझा धाकटा भाऊही. तो डावा कोपरा खेळतो, आणि घोटा धरला तर सोडत नाही.

मोडलेला संघ पुन्हा उभा कसा करतात, हे रात्री दुकान बंद करून फोनवर शोधायला लागलो. शोधता शोधता पलटणीपाशी थांबलो, कारण त्यांनी आमच्या अध्यक्षांचा मार्गही चालून बघितला होता, फक्त पैसा मोठा होता.

पहिली दुरुस्ती झाली २०१६ मध्ये. मनजीत छिल्लरसारखा तयार, नावाजलेला कर्णधार आणला, प्रशिक्षक अशोक शिंदे. त्या वर्षी दोन हंगाम झाले आणि दोन्हींत पलटण तिसरी आली. आठव्यावरून तिसरी म्हणजे काम झालं, असंच कुणालाही वाटेल. पण विकत आणलेला कणा पुढच्या लिलावात दुसऱ्याच्या पाठीत जातो. पुढे दरवर्षी नवा प्रशिक्षक : २०१७ मध्ये बी. सी. रमेश, २०१८ मध्ये अशन कुमार, २०१९ मध्ये खुद्द अनुप कुमार. २०१८ मध्ये नितीन तोमरवर एक कोटी १५ लाख लावले. २०१९ मध्ये बारा संघांत पलटण दहावी.

खरी गोष्ट त्यानंतर सुरू होते, आणि ती कुणी पाहिलीच नाही. पाहिली नाही म्हणजे मैदानात कुणाला सोडलंच नव्हतं. २०२१-२२ चा हंगाम कोविडमुळे बेंगळुरूच्या एका हॉटेलात, प्रेक्षकांविना झाला. पलटणीकडे राहुल चौधरी होता, नितीन तोमर होता, पोस्टरवर दोघेच. पण हंगाम पुढे सरकला तशा चढाया दोन नवख्या पोरांकडे गेल्या. एक हरियाणाचा मोहित गोयत. दुसरा अस्लम इनामदार, नगर जिल्ह्यातल्या टाकळीभानचा. वडील लहानपणीच गेलेले, आईने कष्ट करून वाढवलेला. संघ बाद फेरीत गेला, तिथे यूपी योद्धाकडून हरला, आणि रिवाजाप्रमाणे प्रशिक्षक बदलला. अनुप कुमारच्या जागी पुन्हा बी. सी. रमेश आले. याच संघातून एकदा गेलेले, आणि मधल्या काळात बंगाल वॉरियर्सला २०१९ चं विजेतेपद मिळवून दिलेले.

इथे मला एक गोष्ट फार आवडते. नवा माणूस आला की आधीच्याचं सगळं उपटून टाकतो, ही आपल्याकडची रीत. ग्रामपंचायतीत बघा, साखर कारखान्यात बघा, जुन्या सरपंचाने लावलेली झाडंसुद्धा नव्याला खुपतात. पलटणीने प्रशिक्षक बदलला, पण पोरं ठेवली. अस्लम, मोहित, पंकज मोहिते, सगळे तिथेच. कबड्डीच्या लिलावात हे करता येतं : काही खेळाडू राखून ठेवायचे, काहींवर दुसऱ्याने बोली लावली तर तेवढीच रक्कम देऊन परत घ्यायचे, आणि नव्या तरुणांना लिलावाबाहेर, ठरलेल्या कमी मानधनात संघात घ्यायचं. शिवाय युवा पलटण नावाची त्यांची स्वतःची कनिष्ठ फळी होती. अस्लम त्या वाटेनेच वर आला. लागण अनुप कुमारच्या काळातली, तोड रमेश यांच्या काळातली. आम्ही ऊसवाली माणसं, आम्हाला हे लगेच कळतं. ऊस तोडला की बुडखा जमिनीत राहतो, त्यालाच पुन्हा फुटवे येतात. त्याला खोडवा म्हणतात. बेणं नवं लागत नाही, मशागत मात्र करावी लागते.

बाहेरून पैसे देऊन त्यांनी आणला तो बचाव. २०२२ मध्ये इराणचा फझल अत्राचली, एक कोटी ३८ लाखांना, कर्णधार म्हणून. त्या डिसेंबरात पलटण पहिल्यांदा अंतिम सामन्यात पोचली. मुंबईत, समोर जयपूर. अस्लम दुखापतीने बाहेर. ३३-२९, हार. त्या रात्री भाऊ सांगलीकडच्या एका कारखान्याच्या फडावर होता. त्याचा मेसेज आला, "आपला माणूस नव्हता ना आत." चार गुणांनी हरलेल्या संघाला पहिल्यांदाच आमच्या घरात कुणी आपलं म्हटलं होतं.

पुढचं वर्ष तर सिनेमात खोटं वाटेल असं. ७ ऑक्टोबर २०२३ ला हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारत-इराण अंतिम सामना झाला. शेवटच्या मिनिटाला गुणांवरून इतका वाद की खेळ बराच वेळ थांबला, शेवटी भारताने ३३-२९ असं सुवर्ण नेलं. अस्लम आणि आकाश शिंदे भारताकडे, मोहम्मदरझा शादलू इराणकडे. त्यानंतर दोनच दिवसांनी मुंबईत लिलाव सुरू झाला आणि पलटणीने दोन कोटी ३५ लाख देऊन शादलूला घेतलं. फझलला आधीच सोडलं होतं. आणि इतक्या महागड्या माणसाला आणून कर्णधार मात्र टाकळीभानचं पोरगं. या निर्णयाबद्दल मी व्यवस्थापनाला पूर्ण मार्क देतो.

साखळीतल्या २२ सामन्यांत १७ विजय, ३ बरोबरी, फक्त २ हार. आणि १ मार्च २०२४ ला हैदराबादला अंतिम सामना, हरियाणा स्टीलर्सशी. पंकज मोहितेने एका चढाईत चार गुण उचलले, पलटण २८-२५ ने जिंकली. दहाव्या हंगामात पहिलं विजेतेपद. पकडींत शादलू हंगामात सर्वांच्या पुढे, सर्वात मौल्यवान खेळाडू अस्लम. पण चढायांचा भार कुणा एकाच्या खांद्यावर नव्हता. एकाला पकडलं तर दुसरा जायचा, आणि त्याने गुण आणला की पहिला पुन्हा आत यायचा.

आता याची दुसरी बाजू. मंडळातल्या एका सरांनी मला अमेरिकेतल्या बेसबॉलच्या ह्यूस्टन ॲस्ट्रोज संघाबद्दल वाचायला लावलं. २०११ मध्ये तो संघ जिम क्रेन नावाच्या नव्या मालकाकडे गेला. त्याने जेफ लुनाओला व्यवस्थापक नेमलं, महागडे खेळाडू विकून टाकले आणि हरत राहिले. १६२ सामन्यांच्या हंगामात २०१२ ला १०७ पराभव, २०१३ ला १११. तिकडे तळाच्या संघाला नवे खेळाडू निवडताना पहिली संधी मिळते, म्हणजे हरण्यातही गुंतवणूक. २०१७ मध्ये ते जगज्जेते झाले. दोन वर्षांनी कळलं, की त्या वर्षी ते कॅमेऱ्याने प्रतिस्पर्ध्यांच्या खुणा चोरत होते आणि कचऱ्याचा डबा वाजवून आपल्या फलंदाजाला कळवत होते. चोरीचं जाऊ द्या. मला अडकवलं ते त्या आकड्यांनी. एका वर्षात १११ वेळा हरायचं, आणि तरी सगळ्यांना पगार. हरायलाही ऐपत लागते.

आमच्या मंडळाने २०२२ च्या उन्हाळ्यात ठरवलं, की गावातलीच पोरं खेळवायची. पहिल्या यात्रेत ४१-१२ हरलो. दुसरीकडे त्याहून वाईट. एका गावात निवेदकाने माईकवरून विचारलं, "मागचा संघ कुठं गेला हो?" वर्गणी निम्म्यावर आली. हे सगळं सोसता येतं. सोसत नाही ते ऑक्टोबरचं गणित. ऊसतोडीत नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरतात, मुकादमाकडून उचल घेतात, आणि ती फिटेपर्यंत परत यायची सोय नसते. पलटणीने पोरांना तीन वर्षं एकत्र ठेवलं म्हणून ती जिंकली. आमची पोरं वर्षातले पाच महिने एकत्र नसतात. एक सांगलीला, दोघं कर्नाटकात, एक बारामतीकडे. इतका विखुरलेला संघ घेऊन कुठला प्रशिक्षक काय करेल?

बाबा म्हणायचे, "त्या खेळानं पोट भरतं का?" उत्तर द्यायला मी नगर जिल्ह्यापर्यंत जायचो, अस्लमचं नाव घ्यायचो. मग जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला आणि जिंकलेल्या भारतीय महिला संघाची कर्णधार निघाली प्रियांका इंगळे, मूळची आमच्याच केज तालुक्यातली. बाबा त्या दिवशी काही बोलले नाहीत. संध्याकाळी भावाला विचारलं, "तुझ्या त्या सर्टिफिकेटावर भरतीत काय मिळतं म्हणालास?" सरकारी भरतीत खेळाडूंना ५ टक्के जागा असतात, पण त्यासाठी वरच्या पातळीवरचं प्रमाणपत्र लागतं, आणि ते मिळवायला जिल्ह्याच्या निवडीत हजर असावं लागतं. निवड थंडीत लागली की आमची पोरं फडात. प्रियांकाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट मनात राहते. अल्टिमेट खो-खो ही व्यावसायिक लीग २०२२ ला सुरू झाली ती फक्त पुरुषांची. विश्वविजेत्या कर्णधाराला लिलावात उभं राहायलाही जागा नव्हती.

पलटणीचंही सरळ चाललं नाही. विजेतेपदानंतरच्या हंगामात अस्लम जखमी झाला आणि संघ बाद फेरीबाहेर राहिला. शादलूला हरियाणाने दोन कोटी सात लाखांत नेलं, आणि २९ डिसेंबर २०२४ ला हरियाणाने चषक उचलला तो पुण्यातच, बालेवाडीत. पुन्हा प्रशिक्षक बदलला, अजय ठाकूर आले. पुन्हा पोरं बरीचशी तीच ठेवली. ३१ ऑक्टोबर २०२५ ला पलटण पुन्हा अंतिम सामन्यात होती. दबंग दिल्लीने ३१-२८ ने हरवलं, आणि दिल्लीच्या बचावात कोण, तर फझल अत्राचली. चार हंगामांत तीन अंतिम सामने, एक विजेतेपद. मला हा हिशेब वाईट वाटत नाही.

त्या सामन्याच्या वेळी गावात निघायची तयारी चालू होती. सप्टेंबरच्या पुरात सोयाबीन गेलेलं, त्यामुळे या वर्षी दरवर्षीच्या सहांच्या जागी आठ जण चालले होते. ट्रॅक्टरची ट्रॉली भरलेली, तिच्यावर कोपीचे बांबू, आणि त्यांना टेकून पोरांनी फोन उभा केलेला. शेवटची चढाई संपल्यावर कुणी काही बोललं नाही. भावाने फोन खिशात घातला आणि दोर आवळायला गेला.

आम्ही या वर्षी एक बदल केला. वहीत प्रत्येक नावापुढे तो कुठल्या कारखान्यावर आहे ते लिहिलं, आणि एकाच बाजूला जाणाऱ्यांना शक्य तिथे एकाच टोळीत घालायची मुकादमाला गळ घातली. मुकादम आधी हसला, मग म्हणाला, "माझ्या उचलीला अडचण नाही, तर मला काय." चौघं एकत्र गेले. चुलीच्या राखेने रेघा मारून, कोप्यांच्या मधल्या जागेत, अंधार पडायच्या आत अर्धा तास. गाड्या उशिरा भरल्या तर तेही नाही.

परवा भावाचा फोन आला. शेजारच्या टोळीत जतची तीन पोरं आहेत, एकाची चढाई चांगली आहे म्हणाला. पण उजव्या कोपऱ्याला कुणी नाही. त्याने विचारलं, "दादा, तो पलटणीचा उजवा कोपरा पाय आधी कसा टाकतो, त्याचा व्हिडिओ पाठव. छोटा पाठव, इथं रेंज नाही."