घरांतील बिनतारी जाळें

दूरवरून आलेली सोय दारापर्यंत पोंचते. पुढें ती घरांतील सर्वांस सारखी मिळेल अशी व्यवस्था करणें हें ज्याचें त्यालाच करावें लागतें. नगरपालिका नळाचें पाणी अंगणांत आणून देते. परंतु तें स्वयंपाकघरांत व न्हाणीघरांत कसें न्यावयाचें, हें घरधनी ठरवितो. इंटरनेटचेंही तसेंच आहे, हें आम्हांस गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत नीट उमगलें.

आमचें घर जुनें, भिंती दगडी व चांगल्या दीड हात जाड. कंपनीच्या माणसानें प्रकाशतंतूची तार खिडकींतून आंत घेतली आणि पेटी ओटीवरच, लोखंडी कपाटाआड बसविली. त्यामुळें ओटीवर बसणाऱ्यास सर्व जगाचें दर्शन होई. परंतु मागील खोलींत आजीस परदेशांतील आत्याचा शब्द धड ऐकूं येत नसे, आणि धाकट्या बहिणीस धडे पाहण्यासाठीं जिन्यावर जाऊन बसावें लागे. पैसे घराचे आणि लाभ एका खोलीचा, हें आम्हांस रुचेना. वडिलांची परवानगी मिळतांच स्वतःचा राउटर आणण्याचें ठरलें. तो कोठें ठेवावा, ह्याचा खल चालला असतां आजी म्हणाली, “दिवा माजघरांत लावावा, म्हणजे चार खोल्यांस उजेड पडतो.” शास्त्रही ह्याहून निराळें सांगत नाहीं.

ह्या लहरींची ओळख आपल्या देशास जुनी आहे. कलकत्त्याच्या सेंट झेवियर्स कॉलेजांत फादर लाफाँ ह्यांच्याजवळ पदार्थविज्ञान शिकलेले जगदीशचंद्र बोस ह्यांनीं १८९५ सालीं त्याच शहरांत बिनतारी लहरी भिंतींपलीकडे पाठवून दूरची घंटा वाजवून दाखविली. वाय-फायचें पहिलें प्रमाण १९९७ सालीं ठरलें. पूर्वीं घरांतील रेडिओसही परवाना लागे. भारत सरकारनें २००५ सालीं २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा अल्पशक्तीच्या उपकरणांसाठीं परवान्यांतून मोकळा केला.

आतां प्रत्यक्ष कृति. कंपनीच्या पेटींतून निघालेली ईथरनेटची तार आम्हीं भिंतीच्या कडेनें माजघरापर्यंत नेली. ही तार १०० मीटरपर्यंत चालते, म्हणून अंतराची चिंता नव्हती. एका घरांत दोन कारभारी असले म्हणजे घोटाळा होतो. यास्तव कंपनीस विनंती करून तिची पेटी ‘ब्रिज’ पद्धतीवर ठेवविली. म्हणजे तिनें केवळ टपाल आंत सोडावें, वांटप राउटरनें करावें. कंपनीनें दिलेलें नांव व परवलीचा शब्द आम्हीं राउटरमध्यें भरला. मग राउटरनें घरांतील प्रत्येक यंत्रास निराळा खासगी पत्ता दिला आणि ज्याचें टपाल त्याच्याकडे जाऊं लागलें.

राउटर माजघरांतील उंच फळीवर, लोखंडापासून दूर ठेवला. त्याचे पट्टे दोन. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारें १२ सेंटिमीटर. ती भिंतींतून बरीच पार जाते, परंतु शेजाऱ्यांचे राउटर व मायक्रोवेव्ह शेगडी ह्यांची गर्दी त्याच पट्ट्यांत असते. म्हणून १, ६ व ११ ह्या एकमेकांवर न चढणाऱ्या वाटांपैकीं मोकळी दिसली ती आम्हीं निवडली. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वेगवान, पण जाड भिंतीपुढें लवकर थकतो. तो माजघरास व ओटीस दिला, पहिला मागील खोलीस. त्या रात्रीं आजी आत्याशीं तासभर बोलली, आणि जिना मोकळा झाला.

राहिलें कुलूप. राउटरबरोबर आलेला व्यवस्थापकाचा परवलीचा शब्द प्रथम बदलला, त्यांतील आज्ञावली अद्ययावत् केली आणि डब्ल्यूपीए-३ हें २०१८ सालीं आलेलें संरक्षण लाविलें. परवलीचा शब्द ८ पासून ६३ अक्षरांपर्यंत असूं शकतो; आम्हीं घरच्यांसच आठवेल असें लांब वाक्य योजिलें.

इतक्यांत शेजारच्या मुलानें परीक्षेपुरता तो शब्द मागितला. आई म्हणाली, “विद्या अडवूं नये.” वडील म्हणाले, “तार माझ्या नांवावर आहे. तिजवरून कोणीं कांहींही केलें तरी प्रथम मलाच विचारतील.” दोघांचेंही म्हणणें खरें होतें. शेवटीं राउटरमध्यें पाहुण्यांसाठीं वेगळें जाळें निर्माण केलें, म्हणजे घरचीं यंत्रें व कागदपत्रें त्यापासून अलग राहतात; आणि त्या मुलानें सायंकाळीं आमच्या ओटीवर बसून अभ्यास करावा असें ठरलें. परीक्षा संपेपर्यंत तो रोज येई, आणि आई दोघांनाही चहा देई. कारण त्याच्या संगतीनें आमचाही अभ्यास होऊं लागला होता.

विद्यार्थिमित्रहो, आपल्या घरींही अशी एखादी पेटी कोपऱ्यांत लुकलुकत असेल. तिच्याकडे केवळ खेळासाठीं पाहूं नका. ती कोठें ठेवली आहे, तिचें कुलूप कोणाच्या हातीं आहे, आणि घरांतील कोणत्या खोलीस तिचा लाभ पोंचत नाहीं, हे तीन प्रश्न वडील मंडळींस विचारा. वेग किती आला हें यंत्र सांगेल. तो सर्वांस मिळाला कीं नाहीं, हें मात्र आपणच पाहिलें पाहिजे.