पॅसेजला न सांगता

चाळीत कुणाचं वजन वाढलं की ते त्या माणसाच्या आधी पॅसेजला कळतं. आमच्या नायगावच्या बीडीडी चाळीत एका मजल्यावर वीस खोल्या, मधून लांबलचक पॅसेज आणि दोन्ही बाजूंना समोरासमोर दारं. दारं दिवसभर उघडी. नळावर, जिन्यात, संडासच्या रांगेत कुणीतरी म्हणणारच, "काय गं, अंग धरलंयस हल्ली!" बोलणारीच्या मनात काही वाईट नसतं. तीच काकू संध्याकाळी वाटीभर खीर घेऊन दारात उभी राहते आणि नको म्हटलं की रुसते. जाड झालीस म्हणून टोकणारी आणि खा गं म्हणून आग्रह करणारी, दोघी एकच.

२०१८ साली माझं वजन ७८ किलो होतं आणि उंची पाच फूट एक इंच. परळच्या एका शाळेत मी क्लार्क. बसून काम, चारला चहा आणि चहाबरोबर खारी. डॉक्टरांनी रक्त तपासायला लावलं. तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी एचबीए१सी ६.१ आली. ५.७ च्या खाली असेल तर ठीक, ६.५ ला मधुमेह. म्हणजे मी उंबरठ्यावर. "वजन कमी करा," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

त्या वर्षी अख्ख्या महाराष्ट्रात दोनच पक्ष होते, दीक्षित आणि दिवेकर. डॉ. जगन्नाथ दीक्षित सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातले प्राध्यापक. ते सांगत, दिवसातून दोनदाच जेवा, कडकडून भूक लागते त्या दोन वेळा ओळखा, ५५ मिनिटांत जेवण उरका आणि मधे काही खाऊ नका. खाल्लं की दर वेळी इन्सुलिन स्रवतं आणि ते जास्त राहिलं की चरबी वितळत नाही, ही त्यामागची मांडणी. मूळ कल्पना डॉ. श्रीकांत जिचकारांची, हेही ते आवर्जून सांगत. ऋजुता दिवेकर बरोबर उलटं सांगत होत्या: थोडं थोडं, दर दोन तासांनी, आपल्या मातीतलं, तुपाला न घाबरता. आमच्या स्टाफरूममध्ये डबे उघडले की यावरून भांडणं होत. पुढे राज्य सरकारनं दीक्षितांना लठ्ठपणाविरोधी मोहिमेचे सदिच्छादूत नेमलं, तेव्हा तर दिवेकर-पक्षातल्या चित्रकलेच्या बाई दोन दिवस बोलत नव्हत्या.

मी दीक्षितांकडे गेले ते शास्त्र पटलं म्हणून नव्हे. १६० चौरस फुटांच्या खोलीत एकच ओटा. त्यावर घरच्यांचं वेगळं आणि माझं वेगळं शिजवणं शक्य नव्हतं. इथे वेगळं काही रांधायचंच नव्हतं, फक्त घड्याळ बदलायचं होतं. आणि फुकट होतं. व्हॉट्सअॅपचा ग्रुप होता. त्यात यायचं तर आधी फास्टिंग इन्सुलिन आणि एचबीए१सीचा रिपोर्ट दाखवायचा. तेव्हा व्हॉट्सअॅपच्या एका ग्रुपमध्ये २५६ च माणसं मावत, त्यामुळे ग्रुपांना नंबर होते. आत गेल्यावर नियम: गुड मॉर्निंग नाही, देवाचे फोटो नाहीत, राजकारण नाही. मराठी माणसांचा असा ग्रुप मी तोवर पाहिला नव्हता.

प्रश्न मात्र अस्सल मराठी. ताकात जिरं चालेल का? तीर्थप्रसाद घेतला तर उपास मोडतो का? बडीशेप हे खाणं धरायचं का? खोकल्याच्या औषधात साखर असते, मग? उत्तर देणारे डॉक्टर एका शब्दात उत्तर देत. "चालेल." "नाही." बिनसाखरेचा काळा चहा, पातळ ताक, पाणी असलं काही मधे चालायचं.

पण मला टिकवलं ते या उत्तरांनी नव्हे. चार वाजले की स्टाफरूममध्ये खारीची पिशवी फुटायची. ती वेळ सर्वात अवघड. तेव्हा मी टेबलाखाली फोन उघडायचे. लातूरकडचे एक निवृत्त एसटी ड्रायव्हर बरोबर त्याच वेळी लिहायचे, "चारचा घाट आला, गियर बदला." शारजाहून एक ताई उत्तर द्यायच्या, "इथे अजून अडीचच वाजलेत, माझा घाट यायचाय." कोल्हापूरची एक नर्स नाइट ड्यूटीवर असायची, तिचं जेवणाचं घड्याळच उलटं. तिच्या दोन वेळा कोणत्या, यावर आम्ही एकदा अर्धी दुपार खल केला होता. यातल्या कुणालाही मी पाहिलं नव्हतं. कुणी मला खीर आणून देणार नव्हतं, मी नाही म्हटलं तर रुसणार नव्हतं, आणि मी बारीक झाले किंवा नाही झाले तरी त्यांच्या पॅसेजमध्ये त्याची चर्चा होणार नव्हती.

पुढे वाचनात जीन निडेच आली. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातली गृहिणी. दुकानात ओळखीच्या बाईनं तिला विचारलं, बाळंतपण कधी आहे? बाळ-बिळ काही नव्हतं, वजन ९७ किलो होतं. १९६१ मध्ये तिनं सहा मैत्रिणींना घरी बोलावलं आणि डाएट करताना चोरून काय काय खातो ते एकमेकींना सांगायला सुरुवात केली. त्यातून १९६३ मध्ये 'वेट वॉचर्स' उभी राहिली. वाचून वाटलं, बाईकडे दिवाणखाना होता. आमच्याकडे चार बायका दार लावून बसल्या असत्या तर पाचव्या मिनिटाला कुणीतरी दार वाजवून विचारलं असतं, "काय, भिशी चालू केली का?" ज्या घरात दार लावून बसायची सोय नाही, तिथे फोनची खिडकी हाच दिवाणखाना.

वजन मोरीत करायचे, पहाटे पाणी यायच्या आधी. लहानपणी वजन म्हणजे दादर स्टेशनवरचं लाल-पिवळ्या दिव्यांचं मशीन. नाणं टाकलं की तिकीट यायचं, एका बाजूला वजन आणि दुसऱ्या बाजूला भविष्य. आता घरचा स्प्रिंगचा काटा. मोरीची फरशी उताराची, त्यामुळे काटा एका विशिष्ट लादीवरच सपाट बसायचा. डाव्या बाजूला सरकला की अर्धा किलो जास्त दाखवायचा. मी त्या लादीवर खडूनं खूण केली होती. बादली बाजूला, एकही हात भिंतीला न लावता उभं राहायचं, सुई थरथरून थांबेपर्यंत श्वास धरायचा. मग शिंप्याच्या टेपनं बेंबीच्या पातळीवर पोट. दोन्ही आकडे ग्रुपवर टाकले की बाहेर नळाला पाणी आलेलं असायचं.

गणपतीत ग्रुपचं खरं मोल कळलं. गौरीला आमच्याकडे वडे-सागोती. "मोदक कधी खाऊ?" असं मी विचारलं, तर शारजाच्या ताईंनी सांगितलं, जेवणातच खा, पहिल्यांदा खा, आणि मजेत खा. तो सण मी पोटभर जेवून काढला, फक्त पॅसेजमधून येणाऱ्या दुसऱ्या तेरा घरांच्या प्रसादाला हात जोडले. सासूबाई म्हणाल्या, "उपाशी राहून काय मिळवतेस गं?"

सहा-सात किलो उतरल्यावर पॅसेज बोलू लागला. आता सूर वेगळा. "तब्येत बरी आहे ना?" "शुगर निघाली वाटतं." एका मावशींनी तर माझ्या नवऱ्याला जिन्यात गाठून हळूच केईएममधल्या ओळखीच्या डॉक्टरचं नाव सांगितलं. बारीक होण्याला आजाराखेरीज कारण असू शकतं हे आमच्या मजल्याला पटायला वेळ लागला. मग मात्र सासूबाईच म्हणाल्या, मलाही घाल तुझ्या त्या ग्रुपमध्ये. त्यांना साखरेच्या गोळ्या चालू. ग्रुपवरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की आधी स्वतःच्या डॉक्टरांकडून डोस बदलून घ्या, मगच. काही गोळ्या आणि इन्सुलिनचं इंजेक्शन चालू असताना जेवण टाळलं तर साखर एकदम उतरते. घाम, थरथर, चक्कर, कधी माणूस बेशुद्धही पडतो. आमच्या डॉक्टरांनी डोस कमी केला आणि मगच सासूबाईंचं दोन वेळांचं जेवण सुरू झालं. चारचा चहा मात्र त्यांनी सोडला नाही. डोसची ही गोष्ट इतरांनी हलक्यात घेऊ नये म्हणून लिहिते आहे.

अशा ग्रुपांबद्दल माझी एक तक्रार आहे. ज्यांचं उतरलं ते फोटो टाकतात, आधीचा नि नंतरचा, आणि टाळ्या पडतात. ज्यांचं उतरत नाही ते गप्प होतात आणि एक दिवस 'लेफ्ट' एवढंच दिसतं. त्यांना कुणी विचारत नाही. शिवाय आपलीच पद्धत खरी हा अभिनिवेश. भाच्यानं मला चीनमधल्या ग्वांगझूचा एक अभ्यास वाचून दाखवला, २०२२ सालचा. १३९ लठ्ठ माणसांना वर्षभर सारखंच कमी खायला दिलं. निम्म्यांना आठ तासांच्या आत, बाकीच्यांना दिवसभरात कधीही. वजन दोन्हीकडे उतरलं आणि फरक म्हणावा असा नव्हता. मला त्याचं आश्चर्य वाटलं नाही. आमच्या एसटीवाल्या काकांनी चार वाजता हाक मारली नसती, तर ५५ मिनिटांचं गणित एकटं मला आठवडाभरही पुरलं नसतं.

लॉकडाऊनमध्ये फाइव्ह गार्डन बागेतलं माझं चालणं बंद झालं आणि तीन किलो परत आले. मोठा ग्रुपही थंडावला. उरलो आम्ही चौघं: एसटीवाले काका, नर्स, शारजाच्या ताई आणि मी. मधे आमची चाळ रिकामी झाली. म्हाडाच्या पुनर्विकासात ५०० चौरस फुटांचं घर मिळणार आहे, तोवर संक्रमण सदनिका. इथे दारं बंद असतात, लिफ्टमध्ये सगळे फोनकडे बघतात, माझं वजन वाढलं की घटलं हे विचारणारं कुणी नाही. त्या काकूंची खीर आता आठवते आणि गंमत म्हणजे तिची भीती वाटत नाही.

गेल्या दिवाळीआधी शारजाच्या ताई मुंबईत आल्या होत्या. हिंदमाताला साड्या घेऊन झाल्यावर आम्ही दादर पश्चिमेला 'प्रकाश' उपाहारगृहात गेलो. बाहेर रांग, आत बसलं की उठायची घाई, त्यामुळे ५५ मिनिटं तिथे कुणालाच मिळत नाहीत. दोघींनी साबुदाणा वडा मागवला. पियूष एकच, दोन ग्लासांत. त्यांना माझं २०१८ पासूनचं प्रत्येक वजन तोंडपाठ होतं, सासूबाईंच्या गोळ्यांची नावंही. बिल आलं, पर्स उघडता उघडता त्या थांबल्या आणि जरा संकोचून म्हणाल्या, "अहो, विचारायचं राहूनच गेलं. तुमचे मिस्टर काय करतात?"