तिसरी घंटा

इगतपुरीच्या रेल्वे कॉलनीत वाढलेल्या मुलाची घंटेशी ओळख स्टेशनातच होते. आमच्या लहानपणी फलाटावर रुळाचा एक तुकडा टांगलेला असे. गाडी यायची झाली की पोर्टर त्यावर टोले देई. गणपतीत कॉलनीचं नाटक बसलं की तसाच तुकडा विंगेत टांगत. तिसरी घंटा झाली की पडदा वर.

ती ठरल्या दिवशी झाली, असं मात्र क्वचितच घडे. नट बहुतेक रनिंग स्टाफचे, ड्रायव्हर आणि गार्ड. इगतपुरीखालच्या थळ घाटाचा चढ १:३७ चा. मागून बँकर इंजिनं लावल्याशिवाय गाडी कसाऱ्याहून वर येत नसे. त्यात पावसात दरड कोसळली की मालगाडी खाली अडकायची आणि तिच्याबरोबर आमचा नायकही. कधी तालीम ऐन रंगात यायची आणि ड्युटीचा निरोप घेऊन कॉलमन दारात उभा राहायचा. खलनायक त्याच्या वहीत सही करून ड्युटीवर निघून जायचा. शनिवारचा प्रयोग रविवारवर जायचा, रविवारचा पुढच्या आठवड्यावर.

माझे वडील प्रॉम्प्टर होते. अशा मोकळ्या पडलेल्या संध्याकाळी ते उरलेल्या मंडळींना आमच्या क्वार्टरमध्ये बोलवत, स्टीलच्या पेल्यावर चमच्याने तीन टोले देत आणि नाटक पहिल्या पानापासून वाचायला घेत. जो ड्युटीवर त्याची वाक्यं ते स्वतः म्हणत. आई पोह्यांवर पोहे करी. बाहेर इगतपुरीचा पाऊस, आत पूर्ण तीन अंक. मला नाटक लिहायला शिकवलं ते या वाचनांनी.

मार्च २०२० मध्ये माझं नाटक नाशिकच्या कालिदास कलामंदिरात लागणार होतं. रंगीत तालीमही झाली होती. महिन्याच्या मध्यावर कोरोनाच्या साथीमुळे राज्यातली नाट्यगृहं बंद झाली. नोव्हेंबरात ती निम्म्या आसनांवर उघडली, एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा बंद झाली आणि २२ ऑक्टोबरला परत उघडली. पहिल्या टाळेबंदीत मुंबई-आग्रा महामार्गावरून डोक्यावर बोचकी घेतलेली माणसं घाट चढून आमच्या गावावरून चालत गेली. त्यांच्यापुढे स्वतःच्या नाटकाचं दुःख बोलून दाखवायची लाज वाटे. पण ते होतंच, आणि खरं होतं.

संहितेला काही होत नाही. विजय तेंडुलकरांचं ‘गिधाडे’ १९६१ च्या सुमारास लिहून झालं आणि रंगमंचावर आलं १९७० मध्ये. त्याची धार तसूभर कमी झाली नव्हती. माणसांचं तसं नसतं. माझ्या नाटकातल्या शाळकरी मुलाला मिसरूड फुटली, आवाज फुटला. नायिका लग्न होऊन सुरतेला गेली. आजोबांची भूमिका करणारे काका दुसऱ्या लाटेत गेले. त्यांची दुसऱ्या अंकातली ती लांब थांबण्याची जागा माझ्या कागदावर कुठेच लिहिलेली नव्हती.

म्हणून मला तेंडुलकरांच्याच ‘घाशीराम कोतवाल’चं मोल लेखनाइतकंच त्याच्या संचासाठी वाटतं. डिसेंबर १९७२ मध्ये पुण्यात पहिला प्रयोग झाला आणि १९ प्रयोगांनंतर ते करणाऱ्या संस्थेनेच नाटक थांबवलं. ती तरुण मंडळी पांगली नाहीत. त्यांनी थिएटर अकॅडमी उभी केली आणि १९७४ च्या जानेवारीत नाटक पुन्हा उभं केलं. गाणारी, नाचणारी, माणसांची भिंत होणारी ती मंडळी आपापल्या घरी निघून गेली असती, तर नुसत्या छापील पुस्तकातून ते नाटक कुणाला कळलं असतं?

आमचाही संच पांगू नये म्हणून आम्ही रविवारी संध्याकाळी फोनवरून वाचनं सुरू केली. पावसात रेंज जायची, वाक्य अर्ध्यात तुटायचं, मग पुढचा माणूस ते उचलायचा. मी वडिलांचाच पेला घेऊन बसत असे. हळूहळू सगळ्यांना सगळ्यांच्या भूमिका पाठ झाल्या. दुसऱ्या अंकातलं माझं आवडतं लांबलचक स्वगत फोनवर कुणालाच पेलेना, ते मी काढून टाकलं. नाटक त्याने मोकळं झालं. काकांची जागा मात्र तशीच ठेवली. नव्या नटाने तिथे थांबायला शिकून घेतलं. २०२२ चा पाऊस लागण्याआधी प्रयोग झाला.

तुमच्या गावातल्या हौशी मंडळींचा प्रयोग पुढे गेला असेल, तर नव्या तारखेची वाट बघू नका. त्यांना घरी बोलवा, नाटक वाचायला सांगा आणि चार शेजाऱ्यांनाही ऐकायला बसवा.