एकोणीस एक

मुलीच्या कॉलेजजवळ, सिडकोत, भाड्याचं घर शोधत होतो. फोनवर सगळं जमायचं. मी नाव सांगितलं की पलीकडून उत्तर यायचं, "अहो, ते कालच दिलं." एकाने तर तोंडावरच सांगितलं, "तुम्ही चांगले असाल हो, पण तुमच्यातले सगळे सारखेच." घरी आल्यावर मीही चिडून बोललो, "सोडा आता. ते सगळे सारखेच!"

रोशन गेटच्या आमच्या घरात मुलगी वहीवर नुसते एक मांडत बसली होती. ११, १११, ११११. "अब्बू, यातल्या मूळ संख्या कोणत्या?"

मी गणिताचा मास्तर. राग विसरून वही ओढली. एकांची संख्या सम असेल तर ११ ने भाग जातो, तीनच्या पटीत असेल तर ३ ने. सहा एक म्हणजे १११ गुणिले १००१. एकांची संख्या स्वतः मूळ नसेल, तर तो आकडा फुटणारच. ११ मूळ आहे. पण १११ म्हणजे ३ गुणिले ३७. पाच एक म्हणजे ४१ गुणिले २७१. सात एक म्हणजे २३९ गुणिले ४६४९. अकरा, तेरा, सतरा, सगळे फुटतात.

"म्हणजे पुढचे पण फुटणार," ती म्हणाली.

मी लिहिलं: १११११११११११११११११११. एकोणीस एक. ही मूळ संख्या आहे. एकेका संख्येने भागून बघायचं तर सुमारे १०५ कोटींपर्यंत जावं लागेल. तरी संगणक नसताना माणसाने ते सिद्ध केलं. त्यानंतर तेवीस एक मूळ निघाले, मग थेट ३१७, मग १०३१. हा शेवटचा आकडा १९८६ साली सिद्ध झाला.

त्याच वर्षी आपले दत्तात्रय कापरेकर गेले. देवळालीच्या शाळेतले मास्तर. याच एकांचे वर्ग करून त्यांना १२१, १२३२१ अशा संख्या सापडल्या. त्यांना त्यांनी डेम्लो, म्हणजे आताच्या डोंबिवली, स्टेशनाचं नाव दिलं. शाळामास्तराचे आकड्यांचे खेळ म्हणून अनेकांनी ते बाजूला ठेवले. १९७५ मध्ये अमेरिकेतल्या मार्टिन गार्डनरने लिहिलं, तेव्हा जगाचं लक्ष गेलं.

मुलगी बराच वेळ त्या एकांकडे बघत राहिली. "दिसायला तर सगळे सारखेच आहेत."

"म्हणून तर प्रत्येक वेगळा तपासावा लागतो."

"सतरापर्यंत बघून सोडून दिलं असतं तर?"

"तर एकोणीस कळलाच नसता."

तिने वही मिटली. "अब्बू, आपण किती घरांना फोन केला?"

"सात."

"सातच?"

सकाळी चहा झाल्यावर मी आठवा नंबर लावला.